कॉर्टिसोन आणि डोळा : एका गुणकारी औषधाचा इतिहास

औषधाचा गुण रोग्यास स्वतःलाच कळतो, आणि तो बहुधा लौकर कळतो. औषधाचा दोष मात्र दुसऱ्या कोणीं तरी शोधून काढावा लागतो, आणि त्या शोधास कित्येकदां वर्षांमागून वर्षें लागतात. वैद्यकाच्या इतिहासांत या गोष्टीचीं उदाहरणें पुष्कळ सांपडतील. तीं सर्व बाजूस ठेवून आम्ही येथें एकाच औषधाचा, आणि तोहि शरीराच्या एकाच इंद्रियापुरता, विचार करणार आहों. डोळा लाल झाला, खाजूं लागला, उजेड सोसवेनासा झाला म्हणजे ज्या थेंबांनीं एक-दोन दिवसांत उतार पडतो, त्यांपैकीं पुष्कळ थेंबांत 'स्टेरॉइड' या वर्गांतील एखादें द्रव्य असतें. हें द्रव्य आलें कोठून, डोळ्यांच्या वैद्यकांत त्यानें कोणती क्रांति केली, आणि त्याची दुसरी बाजू जगाच्या लक्षांत केव्हां व कशी आली, हा वृत्तांत सुशिक्षित कुटुंबांस माहीत असणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें. आम्ही वैद्य नव्हों. अमुक रोग्यानें अमुक औषध घ्यावें कीं न घ्यावें हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु इतिहासापासून जो बोध घ्यावयाचा तो घेण्यास वैद्यच असलें पाहिजे असेंहि नाहीं.

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकएक लहानशी ग्रंथि असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. शारीरज्ञांनीं ती फार पूर्वींच पाहिली होती. पण तिचें प्रयोजन काय, हें कोणासच नीट सांगतां येत नव्हतें. १८५५ सालीं लंडनच्या गाय रुग्णालयांतील टॉमस ॲडिसन यांनीं, ही ग्रंथि निकामी झाली म्हणजे मनुष्य क्षीण होत जातो, त्याची कांति काळवंडते आणि अखेर तो मरतो, असें दाखवून दिलें. तेव्हां एवढ्याशा ग्रंथीवांचून जीव राहत नाहीं ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या मनावर ठसली. पुढें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडल यांनीं, आणि स्वित्झर्लंडमध्यें टाडेउस राइखस्टाइन यांनीं, गुरांच्या ग्रंथि मोठ्या प्रमाणावर गोळा करून त्यांच्या बाहेरच्या सालींतून निरनिराळीं द्रव्यें वेगळीं केलीं. केंडल यांनीं त्यांस इंग्रजी वर्णमालेंतील अक्षरांचीं नांवें दिलीं होतीं. त्यांतील 'ई' हें द्रव्य पुढें कॉर्टिसोन या नांवानें जगप्रसिद्ध झालें.

याच मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच या नांवाचे संधिवाताचे वैद्य होते. १९२९ सालीं त्यांच्याकडे संधिवाताचा एक रोगी आला. त्यास मध्यंतरीं कावीळ झाली होती, आणि कावीळ होतांच त्याचे आखडलेले सांधे मोकळे होऊन वेदना नाहींशा झाल्या होत्या. एका रोगानें दुसऱ्या रोगास हुसकून लावावें हा प्रकार चमत्कारिक होता. दुसरा एखादा वैद्य तो ऐकून विसरला असता. हेंच विसरले नाहींत. त्यांनीं असे आणखी रोगी टिपून ठेवले. गर्भारपणांतहि संधिवात पुष्कळदां आपोआप निवळतो, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें. शरीरच अशा वेळीं कोणतें तरी द्रव्य अधिक प्रमाणांत निर्माण करीत असलें पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. त्या अज्ञात द्रव्याचा शोध करतां करतां त्यांची दृष्टि केंडल यांच्या द्रव्यांकडे वळली.

अडचण होती ती द्रव्य मिळण्याची. मणावारी ग्रंथींतून गुंजभर द्रव्य निघे. या ठिकाणीं दुसऱ्या महायुद्धानें, अगदीं निराळ्या कारणानें, शास्त्राच्या पदरांत मदत टाकली. जर्मन वैमानिकांस या ग्रंथीचा अर्क देतात आणि त्यामुळें ते अतिशय उंचावरहि विमान चालवूं शकतात, अशी एक अफवा अमेरिकेंत पसरली. ती अफवाच होती; परंतु तिच्यामुळें या द्रव्यांच्या संशोधनास सरकारी पाठबळ मिळालें. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनींतील लुइस सारेट या तरुण रसायनशास्त्रज्ञानें गुरांच्या पित्तांतील एका आम्लापासून, तिसांहून अधिक पायऱ्या चढून, 'ई' द्रव्याचे कांहीं मिलिग्रॅम तयार केले. पुढें चार वर्षांनीं माणसावर प्रयोग करण्याइतका सांठा झाला. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं संधिवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस त्याची पहिली सुई टोंचण्यांत आली. जिला अंथरुणांत कूस बदलतांना कष्ट पडत, ती आठवड्याच्या आंत हिंडूंफिरूं लागली. १९४९ च्या एप्रिलमध्यें ही वार्ता प्रसिद्ध झाली, आणि १९५० चें नोबेल पारितोषिक केंडल, राइखस्टाइन व हेंच या तिघांस मिळालें. पहिल्या सुईपासून पारितोषिकापर्यंत पुरीं अडीच वर्षेंहि लागलीं नाहींत. कीर्तीचा हा वेग वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याच्याशीं तुलना करण्याचा प्रसंग येणार आहे.

औषध थांबवितांच रोग परततो, आणि दीर्घकाळ दिल्यास शरीरावर इतर परिणाम होतात, या गोष्टी या संशोधकांच्या नजरेंतून सुटल्या नव्हत्या. ही ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करूं लागली म्हणजे चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, रक्तदाब वाढतो, हाडें ठिसूळ होतात, हें हार्वे कुशिंग यांच्या १९३२ सालच्या लेखनामुळें वैद्यांस ठाऊक होतें. तेव्हां हें द्रव्य बाहेरून पुष्कळ दिलें तर काय होईल याची कल्पना त्यांस नव्हती असें नाहीं. डोळ्यांपुरता मात्र असा कोणताच इशारा हाताशीं नव्हता. तेथें हें औषध जणूं वरदान म्हणूनच आलें.

वरदान हा शब्द आम्ही हेतुपूर्वक योजीत आहों. डोळ्याच्या अंतर्भागाचा दाह हा त्यापूर्वीं नेत्रवैद्यांस हतबल करणारा विकार होता. ॲट्रोपीनचे थेंब घालावे, शेक द्यावा, आणि फारच झालें तर विषमज्वराच्या मृत जंतूंची लस शिरेंतून टोंचून रोग्यास मुद्दाम ताप आणावा, कीं त्या तापानें तरी डोळ्याचा दाह शमेल, येथपर्यंत उपायांची मजल होती. याहून भयंकर विकार म्हणजे एका डोळ्यास खोल जखम झाली असतां कांहीं काळानें दुसऱ्या, निरोगी डोळ्यासहि दाह सुरू होऊन तोहि जाणें. आंधळ्यांची लिपि शोधून काढणारे लुई ब्रेल यांस वयाच्या तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १८१२ सालीं, बापाच्या खोगिराच्या कारखान्यांत खेळतां खेळतां एका डोळ्यांत आरी लागली. आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास ते दोन्ही डोळ्यांनीं आंधळे झाले. दुसरा डोळा याच विकारानें गेला असावा असें सामान्यतः मानतात. आज तशी जखम झालेल्या मुलाचा दुसरा डोळा वांचविण्याची पुष्कळ आशा असते, आणि त्या आशेचा मुख्य आधार हेंच स्टेरॉइड औषध आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांतील सूज उतरावी म्हणून आज जे थेंब देतात, तेहि बहुधा याच वर्गांतील असतात. या औषधाचे दोष सांगतांना त्याचें हें ऋण विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

१९५० सालींच न्यूयॉर्क येथील गॉर्डन व मॅक्लीन यांनीं, आणि बाल्टिमोर येथील ॲलन वुड्स यांनीं, डोळ्याच्या दाहावर या उपचाराचा गुण येतो असे अनुभव प्रसिद्ध केले. सुई टोंचण्याचीहि पुष्कळ वेळां आवश्यकता नाहीं, डोळ्याच्या पृष्ठभागाच्या आणि पुढल्या भागाच्या दुखण्यांत औषध नुसतें थेंबाच्या रूपानें घातलें तरी पुरतें, असें लौकरच दिसून आलें. त्या वेळीं या द्रव्याची किंमत ग्रॅमला सुमारें २०० डॉलर होती. सर्व शरीरास पुरेल इतकें औषध देणें म्हणजे श्रीमंतांचें काम. पण डोळ्यास लागणार ते चार थेंब. स्वस्ताईच्या या हिशेबानें नेत्रवैद्यक या औषधाच्या प्रसाराचें एक उत्तम क्षेत्र ठरलें. लौकरच किंमतीचा प्रश्नहि सुटला. १९५२ सालीं अमेरिकेंतील कॅलामाझू येथील अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे या संशोधकांनीं, रसायनशास्त्रज्ञांस जी पायरी फार कष्टानें चढावी लागे ती पावावर येणाऱ्या बुरशीच्या जातीकडून सहज करवून घेतली. मेक्सिकोंतील एका रानकंदापासून कच्चें द्रव्य मिळूं लागलें. किंमत झपाट्यानें उतरली. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन आणि १९५८ सालीं डेक्सामेथासोन, अशीं मूळ द्रव्याहून कितीतरी जोरकस औषधें निघालीं. दहा वर्षांच्या आंत मौल्यवान प्रयोगद्रव्याची एक स्वस्त कुपी झाली, आणि ती तज्ज्ञाच्या हातून निघून सामान्य माणसाच्या फडताळांत येऊन बसली.

आतां या वृत्तांताच्या दुसऱ्या अंगाकडे वळूं. त्यासाठीं डोळ्याच्या रचनेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. डोळ्याच्या पुढल्या भागांत एक निर्मळ द्रव सतत पाझरत असतो. आणि काचेसारखें पारदर्शक पटल व त्यामागील रंगीत पडदा हीं जेथें मिळतात, त्या कोनांतील एका सूक्ष्म जाळींतून तो निचरून रक्तांत जातो. जितका पाझर तितकाच निचरा, असें चाललें आहे तोंवर डोळ्यांतील दाब स्थिर राहतो. हा दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. जाळी तुंबली म्हणजे दाब चढतो. चढलेला दाब डोळ्याच्या मागील दृष्टि-मज्जेस चेपीत राहतो. आणि त्या मज्जेचे तंतु एकामागून एक मरूं लागतात. यासच आपण काचबिंदू म्हणतों. मेलेले तंतु पुन्हा जिवंत करण्याची विद्या अद्याप मनुष्यास साधलेली नाहीं. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत येते. काचबिंदूनें गेलेली येत नाहीं. हा भेद सर्वांनीं मनांत पक्का ठसवून ठेवण्यासारखा आहे.

स्टेरॉइडाचे थेंब कांहीं लोकांच्या डोळ्यांत हीच जाळी तुंबवितात. जाळीच्या पेशींभोंवतालीं एरवीं जें सांचूं नये तें सांचूं लागतें, पेशींचा ताठरपणा वाढतो, आणि साफसफाईचें त्यांचें नित्याचें काम मंदावतें. हें ज्ञान अर्थातच पुढल्या काळांतलें. प्रथम दिसला तो नुसता परिणाम. हें औषध दिलेल्या कांहीं रोग्यांच्या डोळ्यांतील दाब चढल्याचें १९५० सालींच मॅक्लीन यांच्या नजरेस आलें होतें. पण ज्या डोळ्यास दाह झाला आहे त्याचा दाब दाहामुळेंहि चढूं शकतो, म्हणून दोष औषधाचा कीं रोगाचा हें ठरविणें कठीण होतें. १९५४ सालीं बेल्जियममधील गेंट येथील ज्यूल फ्रान्स्वा यांनीं, दीर्घकाळ कॉर्टिसोनचे थेंब घातल्यानें काचबिंदू झालेले रोगी वर्णिले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स गोल्डमान यांनीं १९६२ सालीं या विकारास कॉर्टिसोनचा काचबिंदू या नांवानें पुढें मांडलें. या गोल्डमान यांचें नांव आणखी एका कारणानें येथें घेतलें पाहिजे. डोळ्याचा दाब मोजण्याचें एक उपकरण नॉर्वेच्या श्योट्स यांनीं १९०५ सालीं केलें होतें. पण आज जगभर प्रमाण मानलें जाणारें यंत्र गोल्डमान यांनीं १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. दोष निर्माण करणारें औषध आणि तो दोष उघड करणारें माप, हीं दोन्ही जवळजवळ एकाच वेळीं जगांत आलीं.

हें असें कोणास होतें आणि कितीजणांस होतें, हा प्रश्न उरला होता. तो अमेरिकेंतील दोघां नेत्रवैद्यांनीं, आयोवा येथील मन्सूर अर्माली व सेंट लुई येथील बर्नार्ड बेकर यांनीं, १९६० नंतरच्या पांच-सहा वर्षांत सोडविला. ज्यांचे डोळे निरोगी आहेत अशा लोकांस त्यांनीं दिवसांतून तीन-चार वेळां स्टेरॉइडाचे थेंब चार ते सहा आठवडे घातले, आणि दाब मोजून पाहिला. सुमारें दोन-तृतीयांश लोकांच्या दाबांत म्हणण्यासारखा फरक झाला नाहीं. सुमारें एक-तृतीयांशांचा दाब मध्यम चढला. परंतु शंभरांतील चार-पांच जण असे निघाले कीं त्यांचा दाब १५ मिलिमीटरांहूनहि अधिक वाढला. ज्यांस आधींच काचबिंदू आहे त्यांच्यांत तर बहुतेक सर्वांचाच दाब चढला, आणि त्यांच्या मुलांत व भावंडांत हा गुणधर्म सामान्य लोकांपेक्षां पुष्कळ अधिक दिसला. या दोघां संशोधकांनीं त्यावरून आनुवंशिकतेचें एक सोपें गणित मांडलें होतें. पुढें जुळ्या भावंडांच्या अभ्यासानें गणित इतकें सोपें नाहीं असें दिसलें. तथापि मूळ निरीक्षण आजहि मान्य आहे. पुढें मधुमेह असलेले, जास्त लघुदृष्टि असलेले, आणि विशेषेंकरून लहान मुलें, यांनाहि हा धोका अधिक असतो असें आढळून आलें.

येथें वाचक विचारतील कीं, इतका दाब चढत असतां रोग्यास स्वतःस कांहींच कसें कळत नाहीं? या विषयाचें सारें मर्म या प्रश्नांत आहे. दाब आठवड्या-आठवड्यांनीं, हलक्या पावलांनीं चढला तर डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. दृष्टि जाऊं लागते ती कडेनें. समोरचें अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतें. एका डोळ्यांतील उणीव दुसरा डोळा झांकून घेतो. उलट औषधाचा गुण पाहावा तर खाज थांबलेली, लाली गेलेली, रोगी खुशींत! सुख जाणवतें आणि हानि जाणवत नाहीं. मग मनुष्यानें कुपी हातची सोडावी कशाला? दुखणें हत्तीच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, असें आपल्याकडे म्हणतात. हें दुखणें मुंगीच्या पावलानें येतें, आणि तंतु मेल्यावर जात मात्र नाहीं. वेळीं लक्षांत येऊन थेंब बंद केले, तर बहुतेकांचा दाब कांहीं आठवड्यांत पूर्ववत् होतो, हें खरें; परंतु महिन्यांमागून महिने, वर्षांमागून वर्षें थेंब चालू राहिले तर तो कधीं कधीं चढलेलाच राहतो.

दाबाखेरीज आणखी दोन दोष आहेत. पहिला मोतीबिंदूचा. १९६० सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील ब्लॅक व त्यांचे सहकारी यांनीं, संधिवातासाठीं स्टेरॉइड दीर्घकाळ पोटांत घेणाऱ्या रोग्यांच्या डोळ्यांतील भिंगाच्या मागच्या बाजूस विशिष्ट प्रकारचा पडदा धरतो, असें दाखविलें. पुढें दीर्घकाळ थेंब घालणाऱ्यांतहि तोच प्रकार आढळला. हा मोतीबिंदू म्हातारपणाची वाट पाहत नाहीं. उन्हांत डोळे दिपणें आणि वाचतांना अडखळणें हीं त्याचीं आरंभींचीं लक्षणें होत. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंग काढावें लागणें, हें कांहीं किरकोळ नुकसान म्हणतां येणार नाहीं.

दुसरा दोष जंतूंचा. स्टेरॉइड दाह शमवितें, म्हणजे काय करतें? जंतूंशीं झुंजणाऱ्या शरीराच्या सैन्यास तें मागें बोलावतें. शत्रु नसतांना सैन्य उगीच घरच्यांची नासधूस करीत असेल तर ही आज्ञा हितकारक. शत्रु दारांत उभा असतां ती घातक. ओठांवर पुरळ आणणारा हर्पीस नांवाचा विषाणु डोळ्याच्या पारदर्शक पटलावर झाडाच्या फांद्यांसारखा व्रण करतो. त्यावर हे थेंब घातले म्हणजे डोळा निवळल्यासारखा वाटतो आणि आंत व्रण पसरत जातो. क्वचित् पटलास छिद्रहि पडतें. सॅन फ्रॅन्सिस्को येथील फिलिप्स थायगसन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत याविरुद्ध सारखा इशारा दिला. त्या वेळीं विषाणूवर औषधच नव्हतें. पहिलें औषध हर्बर्ट कॉफमन यांनीं १९६२ सालीं उपयोगांत आणलें. बुरशीमुळें होणाऱ्या व्रणाची कथा तशीच. शेतांत काम करतांना भाताचें तूस, उसाचें पातें किंवा काडी डोळ्यास लागली आणि तिच्याबरोबर बुरशी आंत शिरली, तर स्टेरॉइडाचा थेंब तिला खतपाण्यासारखा होतो. आपल्यासारख्या उष्ण आणि कृषिप्रधान देशांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

परंतु याहि बाबतींत इतिहासाचा निकाल एकतर्फी नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका मोठ्या अभ्यासानें असें दाखविलें कीं, हर्पीसचा दाह पटलाच्या खोल थरांत असेल तेव्हां विषाणूवरील औषधाच्या संरक्षणाखालीं दिलेले स्टेरॉइडाचे थेंब हितकारकच ठरतात. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षणांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा मोठा वांटा होता. ५०० रोग्यांच्या त्या परीक्षणांत, जंतुजन्य व्रणावर प्रथम जंतुनाशक सुरू करून मग स्टेरॉइड दिलें असतां एकंदरींत दृष्टींत फारसा फरक पडला नाहीं, पण अपायहि झाला नाहीं. आणि ज्यांचे व्रण फार तीव्र होते त्यांस कांहींसा लाभ झाल्याचें दिसलें. तात्पर्य, तेंच औषध, तोच डोळा. रोग कोणता हें आधीं ठरवून घातलें तर तारक, न ठरवितां घातलें तर मारक.

हा सर्व वृत्तांत आपल्या घरापर्यंत आणून पोहोंचविला पाहिजे. कांहीं मुलांस, त्यांतहि मुलग्यांस अधिक, वयाच्या पांच-सहा वर्षांपासून डोळ्यांस विलक्षण खाज सुटण्याचा विकार होतो. उन्हाळ्यांत तो बळावतो. मूल डोळे चोळचोळून बेजार होतें, उजेडाकडे पाहूं शकत नाहीं, डोळ्यांतून तारेसारखा चिकट स्राव येतो. उष्ण व कोरड्या प्रदेशांत हा फार आढळतो, आणि बहुधा वयांत येतांना आपोआप बरा होतो. म्हणजे हें आठ-दहा वर्षांचें दुखणें आहे. डॉक्टर प्रथम आठ-पंधरा दिवसांसाठीं स्टेरॉइडाचे थेंब लिहून देतात. मुलास स्वर्गसुख लाभतें. पुढल्या उन्हाळ्यांत पुन्हा खाज सुटते, तेव्हां डॉक्टरांकडे कशाला जावें, कुपीचें नांव तर पाठच आहे! आई प्रेमानें औषध आणविते, दुकानदार सौजन्यानें देतो, मुलगा आनंदानें घालून घेतो. आणि या तिघांच्याहि सद्भावनेंतून कांहीं मुलांच्या दृष्टीची कड हळूहळू कुरतडली जाते. दुखणें जाण्याच्या वयांत काचबिंदू झाल्याचें उघडकीस येतें. भारतांतील नेत्रवैद्यांस अशीं मुलें पाहावीं लागतात, ही या इतिहासांतील सर्वांत शोचनीय गोष्ट होय. शोचनीय अशासाठीं, कीं या विकारावर स्टेरॉइड नसलेलीं औषधेंहि आज उपलब्ध आहेत: क्रोमोग्लायकेट, ओलोपाटाडीन, आणि तीव्र विकारांत सायक्लोस्पोरीन किंवा टॅक्रोलिमस. स्टेरॉइड मोजक्या दिवसांपुरतें वापरून पुढें या औषधांवर मुलास ठेवणें हा तज्ज्ञांचा मार्ग आहे.

डोळे येण्याच्या साथीचेंहि तेंच. २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रांत अशी मोठी साथ आली होती. विषाणूमुळें आलेले डोळे बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. पण लाली लौकर जावी म्हणून घरांतील जुनी कुपी काढणें, किंवा शेजाऱ्यांनीं दिलेले थेंब घालणें, हा प्रघात अजून मोडलेला नाहीं. कायदा नाहीं असें नव्हे. १९४० सालचा औषधविषयक कायदा आणि त्याखालीं १९४५ सालीं झालेले नियम यांच्या 'एच' परिशिष्टांतील औषधें नोंदलेल्या वैद्याच्या चिठ्ठीवांचून किरकोळ विकण्यास मनाई आहे, आणि स्टेरॉइडें त्यांत मोडतात. परंतु चिठ्ठी एकदां मिळाली कीं ती जन्मभर पुरते, अशी आपली समजूत आहे. शिवाय कुपीवर ठळक अक्षरांत असतें तें विक्रीचें नांव. आंतील द्रव्याचें नांव बारीक अक्षरांत. तें वाचण्याची संवय लावून घ्यावी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यांपैकीं एखादें नांव दिसलें म्हणजे कुपींत स्टेरॉइड आहे असें समजावें. कित्येकदां तें एखाद्या जंतुनाशकाच्या जोडीनें असतें, आणि लोक कुपीस नुसतें जंतुनाशक समजून वापरतात.

शास्त्र या दोषापुढें स्वस्थ बसलें आहे असें नाहीं. निकोलस बोडोर यांनीं, काम संपतांच शरीरांत आपोआप निष्क्रिय होईल असें औषध मुद्दाम रचावें, ही कल्पना मांडली. तिच्यांतून निघालेलें लोटेप्रेडनॉल १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. त्यानें दाब चढण्याचें प्रमाण कमी आहे. अजिबात नाहीं असें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. स्टेरॉइड दिलें असतां त्या जाळीच्या पेशी कोणतें प्रथिन अधिक तयार करतात, याचा कांहीं संशोधक शोध करीत होते. त्यांस एक प्रथिन सांपडलें. आणि १९९७ सालीं असें आढळलें कीं, कांहीं घराण्यांत तरुणपणींच होणाऱ्या काचबिंदूचें कारण त्याच प्रथिनाच्या जनुकांतील बिघाड आहे. मायोसिलिन हें त्याचें आजचें नांव. औषधाच्या दोषाचा माग काढतां काढतां एका निराळ्याच रोगाचें मूळ हातीं लागलें.

आतां आरंभीं सांगितलेल्या तुलनेकडे येऊं. औषधाचा गुण जगभर पसरून त्यावर पारितोषिकाची मोहोर उमटण्यास अडीच वर्षेंहि लागलीं नाहींत. डोळ्यांतील दोष वैद्यांस पूर्णपणें समजण्यास सुमारें पंधरा वर्षें लागलीं. आणि तो दोष सामान्य घरांत समजण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लोटूनहि पुरेसा झालेला नाहीं. याचें खापर कोणा एकाच्या माथीं फोडणें सोपें आहे, पण तें न्याय्य होणार नाहीं. गुणाची साक्ष प्रत्येक रोगी स्वतःच्या डोळ्यानें देतो. दोषाची साक्ष देणारें फक्त एक यंत्र आहे, आणि तें नेत्रवैद्याच्या खोलींत असतें. जो तेथें जात नाहीं त्यास एकच बाजू ऐकूं येते.

म्हणून या इतिहासाचा बोध 'स्टेरॉइड टाकून द्या' असा नाहीं. तसें करणाऱ्या रोग्याचा डोळा दाहानेंच जाईल; डॉक्टरांनीं चालू केलेले थेंब भिऊन मध्येंच बंद करणेंहि तितकेंच घातक आहे. बोध इतकाच कीं, हे थेंब आणि दाबाचें माप यांची ताटातूट होऊं देऊं नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ थेंब घालावयाचे असतील तर दाब केव्हां मोजावयाचा, हें डॉक्टरांस विचारावें. घराण्यांत कोणास काचबिंदू असेल तर तें न विचारतां सांगावें. थेंब किती दिवस आणि कोणत्या क्रमानें कमी करावयाचे, तें लिहून घ्यावें. आणि मुदत संपली कीं उरलेली कुपी पुढल्या उन्हाळ्यासाठीं न ठेवतां टाकून द्यावी. फडताळांत जागा थोडी मोकळी होईल, आणि पुढल्या खेपेस डोळा लाल झाला म्हणजे मूल आईबरोबर नेत्रवैद्याकडे जाईल, जेथें त्याचा दाब मोजतां येतो.